आधी अर्थ बघा!

हा लेख भांडण काढण्यासाठी लिहिला आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे 'हलकंफुलकं म्हणून वाचायला घेतलं आणि भलतंच निघालं' अशी तक्रार मागाहून नको. माझं भांडण 'बदलून टाका साहेब' या तीन शब्दांशी आहे. जुन्या मोटारीच्या मालकाने हे तीन शब्द जितक्या वेळा ऐकलेले असतात, तितक्या वेळा त्याने स्वतःचं नावसुद्धा ऐकलेलं नसतं. पेट्रोलचा काटा हलत नाही? मीटर बदलून टाका साहेब. इंडिकेटर मिणमिणतो? होल्डर बदलून टाका साहेब. डॅशबोर्डमधले दिवे देवळातल्या समईसारखे जळताहेत? सगळं वायरिंगच बदलून टाका साहेब. आणि एवढं सगळं बदलूनही काटा जागचा हलला नाही, की शेवटचा सल्ला येतो, तो मात्र मयताला आल्यासारख्या हळुवार आवाजात : गाडीच बदलून टाका साहेब!

माझ्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कागदोपत्री पद्मिनी, बोलताना सगळे फियाटच म्हणतात. घरात तिला 'आपली गाडी' म्हणतात आणि आमचे मेहुणे 'ते तुमचं ते' म्हणतात. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांचं वय भरलं म्हणून रस्त्यावरून उतरली. पेपरात फोटो आले, आयुष्यात कधी टॅक्सीत न बसलेले लोकसुद्धा हळहळले. त्या दिवशी मेहुण्यांनी मला फोन करून सांत्वन केलं. "चालायचंच. कधी ना कधी सगळ्यांनाच जायचंय." मी त्यांना सांगितलं, की वीस वर्षांचं ते बंधन टॅक्सीला होतं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्यावर ते म्हणाले, "अरेरे!" हे 'अरेरे' नक्की कुणासाठी होतं, ते मी विचारलं नाही.

तर अशा या गाडीचे काटे आणि दिवे मधूनमधून वेड्यासारखे वागतात. गाडी बनवणाऱ्यांचा यात काडीचाही दोष नाही. जवळजवळ चाळीस पावसाळे, त्यांतले निम्मे ठाण्याच्या उघड्या आवारात, अंगावर घेतल्यावर माणसाचेसुद्धा काटे आणि दिवे जागेवर राहत नाहीत. प्रश्न आहे तो वेड लागल्यावर वैद्य काय करतो, हा.

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. घाबरू नका, मी स्वतः आयुष्यभर सरकारी कचेरीत फायली हलवल्या, तेव्हा ते फार खोल जाणार नाही. वीज एस.टी.सारखी असते. डेपोतून निघते, गावोगाव कामं करते आणि शेवटी तिला त्याच डेपोत परत यावं लागतं. परतीचा रस्ता बंद असेल तर गाडी सुटतच नाही. मोटारीत डेपो म्हणजे बॅटरी. जायला रंगीत वेष्टणातली तांब्याची तार असते, वाटेत फ्यूज असतो, बटण असतं. सगळा थाटमाट जाण्याचा. यायला मात्र निराळी तार नाही. गाडीचं लोखंडी अंग हाच परतीचा रस्ता. दिव्याचं, मीटरचं, टाकीचं लोखंड एखाद्या बोल्टने बॉडीला जोडलेलं असतं, बॉडीपासून एक जाड पट्टी बॅटरीच्या निगेटिव्हला जाते, की झालं काम. गॅरेजमधली मंडळी याला अर्थिंग म्हणतात, किंवा नुसतं 'अर्थ'.

आता हा जो बोल्ट असतो, त्याच्याखाली गंज शिरतो. कधी रंगारी गाडी रंगवताना त्याच्यावरून उदार हाताने ब्रश फिरवतो. रंगातून वीज जात नाही आणि गंजातून जाते ती कण्हतकुंथत. मग परतीच्या रस्त्यावर खोळंबा होतो, आणि सगळे जण बिचाऱ्या दिव्याला दोष देतात.

मराठी भाषेवर माझं प्रेम आहे ते अशा जागांसाठी. साहेबाच्या 'अर्थ'ला आपण अर्थच म्हणतो, आणि आपल्याकडे अर्थ म्हणजे पैसाही. जो मिस्त्री गाडीचा अर्थ बघत नाही, तो मालकाचा अर्थ बघतो, असा माझा सिद्धांत आहे. तो मी जाहीरपणे मांडायला तयार आहे. कुठल्याही गॅरेजच्या दारात मात्र नाही.

हा अर्थ बिघडला की जे चमत्कार होतात, ते बघण्यासारखे असतात. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंदावतो. इंडिकेटर दिला की मागचा तांबडा दिवा त्याच्याबरोबर ताल धरतो. कारण असं, की मागच्या एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, ब्रेकची २१ वॅटची आणि रात्रीच्या दिव्याची ५ वॅटची. ब्रेकच्या विजेला हक्काचा परतीचा रस्ता मिळाला नाही, की ती शेजारच्या तारेतून, तिथून पुढच्या दिव्यातून, अशी दुसऱ्यांच्या घरांतून वाट काढत जाते. चाळीत राहिलेल्यांना हे लगेच समजेल.

याहून मोठा चमत्कार इंजिनाचा. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेलं असतं, म्हणून त्याच्यापासून बॉडीपर्यंत एक विणलेली पट्टी वेगळी लावावी लागते. इंजिन उतरवून पुन्हा चढवताना ती पट्टी लावायची राहून गेली, की स्टार्टरची दांडगी वीज चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परत जाते. केबल तापते, कधीकधी धूर काढते. मिस्त्री केबल बदलतो. नवी केबलही तापते. तेव्हा मिस्त्री सुस्कारा सोडून म्हणतो, "हल्लीच्या मालात दमच नाही साहेब."

आमच्या गाडीचा पेट्रोलचा काटा बिघडला, तेव्हा मी ज्या गॅरेजमध्ये गेलो त्याच्या मालकांनी डॅशबोर्डकडे तोंड करून दुरूनच निदान केलं. "मीटर गेलं. नवीन मिळत नाही. जुन्या बाजारातून मागवून देतो."

मी म्हटलं, "हेडलाइट लावला की काटा जागा बदलतो. बंद केला की पहिल्या जागी येतो."

"म्हणूनच म्हणतो, मीटर गेलं."

"अहो, पण हेडलाइट लावल्यावर टाकीतलं पेट्रोल काय दचकतं? मीटर बिघडलं असेल तर ते दिवसरात्र सारखंच बिघडायला हवं. दिव्यांकडे बघून बिघडतं, म्हणजे दिवे आणि मीटर यांचा परतीचा रस्ता एक आहे आणि तो चोंदलाय."

"साहेब, तुम्ही इंजिनिअर का?"

"नाही."

"मग?"

या 'मग?'ला उत्तर नसतं. पण तिथे एक नवशिका पोरगा उभा होता. त्याला मी म्हटलं, बाबा रे, एक लांब तार घे. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लाव आणि दुसरं मीटरच्या मागच्या धातूला. त्याने मालकांकडे बघितलं. मालकांनी 'करू दे म्हाताऱ्याची हौस' अशा अर्थाची मान हलवली. पोराने तार लावली, मी हेडलाइट लावला, आणि काटा पावावर शहाण्यासारखा बसून राहिला. हेडलाइट बंद केला, तरी पावावरच! पोराचा चेहरा असा उजळला की डॅशबोर्डचे दिवे त्याच्यापुढे फिके पडावेत. पुढचं काम दहा मिनिटांचं. बॅटरीची तार सोडवली, स्पीडोमीटरची केबल उलगडली, मीटरची पेटी पुढे ओढली, मागचा एक गंजका बोल्ट काढला, काचपेपरने घासून चकचकीत केला, थोडं व्हॅसलिन लावून पुन्हा आवळला. संपलं.

मालक म्हणाले, "योगायोग!"

माझा राग मीटरच्या किमतीवर नाही. माझा राग आहे तो त्या पोरासाठी. तो तिथे चार वर्षं काढेल, चारशे वस्तू बदलेल आणि बिघाड शोधायला एकदाही शिकणार नाही. त्याच्या हातात पाना येईल, पण 'का?' हा प्रश्न येणार नाही. मग तो स्वतःचं गॅरेज काढेल आणि लांबूनच डॅशबोर्डकडे तोंड करून निदान करू लागेल.

तुम्ही म्हणाल, एका काट्यासाठी एवढं रामायण कशाला? पेट्रोल किती उरलं ते अंदाजाने कळतं, नाही तर टाकीत काठी घालून बघावं. पेट्रोलच्या काट्यापुरतं हे खरं आहे. पण त्याच पंक्तीला तापमानाचा काटा बसलेला असतो. आमच्या इमारतीतल्या एका काकांच्या गाडीचा तो काटा कायम थंडाकडे झोपलेला असे. त्यांना सांगण्यात आलं, 'मीटर खराब आहे, मिळत नाही, लक्ष देऊ नका.' त्यांनी आज्ञाधारकपणे लक्ष दिलं नाही. नाशिकला जाताना कसारा घाटात बॉनेटमधून वाफ आली, तेव्हाही काटा थंडाकडेच झोपला होता. इंजिनाचं हेड उतरवावं लागलं. पुढे कळलं, की इंजिनावरच्या सेन्सरची तार खोबणीतून निसटली होती, एवढंच. हा सेन्सर तापला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो आणि काटा वर चढतो. तारच सुटली, की इंजिन उकळत असतानाही काटा हिमालयात बसलेला. गाडीतला बिघडलेला काटा हा मुका नसतो. तो खोटा साक्षीदार असतो. मुक्याला कुणी फसत नाही.

दिव्यांचंही तेच. किल्ली फिरवल्यावर ऑइलचा आणि चार्जिंगचा, असे दोन तांबडे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. आपण विझलेले बघतो आणि खूश होतो. लागले होते का, हे कोण बघतो? ज्या दिव्याचा बल्बच गेलाय, तो ऑइल संपल्यावरही शांतच राहणार. काही गाड्यांत तर चार्जिंगच्या दिव्यातून जाणारी इवलीशी वीजच अल्टरनेटरला जागं करते. दहा रुपयांचा बल्ब उडाला, की बॅटरी भरेनाशी होते, आणि मग काय बदलतात? आधी बॅटरी, मग अल्टरनेटर. हल्ली हौसेने तिथे एलईडीचा बल्ब बसवतात. त्याला वीज इतकी कमी लागते, की तेवढ्याने अल्टरनेटरची झोप मोडत नाही. तोच एलईडी इंडिकेटरला लावला की जुन्या फ्लॅशरची टिकटिक बिघडते, आणि लगेच फ्लॅशर बदलून टाका साहेब!

आणि मागचा ब्रेकचा दिवा? तो तर आपल्याला दिसतही नाही. तो दिसायला हवा मागच्या ट्रकवाल्याला. रात्री घाटात आपण ब्रेक दाबला आणि बोल्टाखालच्या गंजामुळे मागचा दिवा काजव्याएवढा लागला, तर ट्रकवाल्याला आपण थांबलोय हे कळणार कसं? तिथे विनोद संपतो.

फ्यूजबद्दल बोलावं तेवढं थोडं. या गाड्यांतले फ्यूज दोन्ही टोकांना निमुळते, विडीच्या थोटकाएवढे. पांढरा ८ अँपिअरचा, तांबडा १६ चा. पुष्कळदा फ्यूज गेलेलाच नसतो. त्याच्या टोकांवर आणि पितळी चिमट्यांवर हिरवी बुरशी चढलेली असते, जागच्या जागी दोनदा फिरवला की दिवे लागतात. पण फ्यूज खरोखरच वारंवार उडत असेल, तर त्याला आमच्याकडे एक जुना रामबाण उपाय होता : सिगारेटच्या पाकिटातली चांदी त्याच्यावर गुंडाळायची. मग फ्यूज उडत नाही. त्याऐवजी डॅशबोर्डमागची तार पेटते. फ्यूज हा घरातल्या त्या कटकट्या म्हाताऱ्यासारखा असतो. तो ओरडतो म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबायचा नसतो, घरात कुठे काय जळतंय ते बघायचं असतं.

बरं, हे शोधणं म्हणजे काही अणुशास्त्र नाही. बारा व्होल्टचा एक बल्ब आणि त्याला दोन तारा, एवढ्यात निम्मं काम होतं. मल्टिमीटर असेल तर फारच छान. संशयी दिवा लावायचा, मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवायची आणि दुसरी दिव्याच्या धातूच्या अंगाला. आकडा शून्याच्या आसपास हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला, तर तेवढी वीज परतीच्या वाटेवर टोल भरते आहे असं समजा. पेट्रोलच्या काट्याची परीक्षा घ्यायची तर किल्ली बंद ठेवून टाकीवरची तार सोडवायची, बॉडीच्या उघड्या लोखंडाला चिमट्याने नीट जोडायची आणि मग किल्ली क्षणभर फिरवायची. काटा एका टोकाला धावला, तर मीटर आणि तार दोन्ही निर्दोष. चोर टाकीत किंवा टाकीच्या अर्थमध्ये. हे मात्र चिमट्यानेच, हाताने तार टेकवून नव्हे. टाकीजवळ ठिणगी पडली, तर काट्याची चिंता कायमचीच मिटते. पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे एकाच वेळी बिघडले, तर दोन्ही मीटरं एकाच मुहूर्तावर वारली असं मानू नये. दोघांचं सामाईक काय आहे ते बघावं. साठीनंतरच्या बऱ्याच इंग्रजी गाड्यांत डॅशबोर्डमागे व्होल्टेज बेताचं ठेवणारी एक डबी असते. तिचा अर्थ सुटला की दोन्ही काटे एकदम चढेल होतात. दोन नवी मीटरं आणा, तीही तितकीच चढेल!

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. ते मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. एका मिस्त्रीने मला शांतपणे ऐकवलं, "साहेब, दोन तास शोधून मी बोल्ट घासला आणि आठशे रुपये मागितले, तर गिऱ्हाईक म्हणतं, नुसता बोल्ट घासायचे आठशे? तेच वीस मिनिटांत मीटर बदललं आणि तीन हजार मागितले, तर म्हणतं, गॅरंटी आहे ना? आता तुम्हीच सांगा, मी काय करू?"

या माणसाशी मला भांडता आलं नाही. डॉक्टरने तपासून 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं सांगितलं, तर आपण त्याला फी देतो आणि वर पेढे वाटतो. वकील तर नुसतं ऐकून घेण्याचे पैसे घेतो. पण मिस्त्रीने काहीही न बदलता गाडी बरी केली, की आपल्याला फसवलं गेल्यासारखं वाटतं. हातात जुना मोडका पार्ट आणि नव्याचं खोकं दिल्याशिवाय आपला जीव शांत होत नाही. बदलण्याला दाम आणि शोधण्याला 'योगायोग', असा व्यवहार असेल, तर बाजारात शोधणारे उरणार कसे? मी तरी त्या पोराच्या हातात, मालकांच्या देखत, 'तपासणीचे' म्हणून पैसे ठेवले आणि बिलावर तसं लिहून मागितलं. मालकांनी बिल लिहिलं, पण 'तपासणी' हा शब्द लिहिताना त्यांचं पेन दोनदा अडखळलं. बहुधा त्याचाही अर्थ सैल झाला असावा.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. बदला, जरूर बदला. फ्लोट सडला असेल, मीटर जळलं असेल, तर बदलल्यावाचून गत्यंतर नाही. पण आधी बघा, मग मोजा, आणि मग बदला. आणि गिऱ्हाइकांनो, बघण्याचे नि मोजण्याचे पैसे खळखळ न करता द्या.

हे फक्त म्हाताऱ्या गाड्यांपुरतं आहे असं समजू नका. मेहुण्यांनी परवा नवी कोरी गाडी घेतली. तिला काटेच नाहीत, टीव्हीएवढा पडदा आहे. आठव्या महिन्यात त्या पडद्यावर एक पिवळा दिवा लागला, तो विझेना. गॅरेजवाल्यांनी यंत्र लावून सांगितलं, सेन्सर बदला. बदलला. दिवा तसाच. मग म्हणाले, आणखी एक बदला. मेहुण्यांनी मला फोन केला. मी विचारलं, "त्यांनी आधी अर्थ बघितला का?"

मेहुणे वैतागून म्हणाले, "अर्थ काय बघायचाय त्यात? बदला म्हणाले, म्हणजे बदला!"